मळ बदलला, औषध तेच

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराने बंदुकीच्या नळीसाठी दोन औषधे तयार केली. पहिले बाटलीत भरून दुकानात गेले आणि सव्वाशे वर्षे होत आली तरी अजून दुकानात आहे. दुसरे तिथल्या सरकारी शस्त्रशाळेच्या कृतींमध्ये अठराव्या क्रमांकावर नोंदले गेले, हळूहळू मागे पडले, आणि विसावे शतक संपता संपता एका जाणकाराने त्यातले जिन्नस बदलून ते पुन्हा वापरात आणले.

पहिल्याचा कर्ता फ्रँक ऑगस्ट हॉपे. १९०३ मध्ये त्याने आणलेले ‘हॉपेज नंबर नाइन’ झाकण उघडताच पिकलेल्या केळ्यासारखा वास मारते. तिकडच्या शिकारी घरांमध्ये हा वास इतका मुरला आहे, की त्याच वासाचे गाडीत टांगायचे एअर फ्रेशनरही निघाले. वास अमाइल ॲसिटेटचा. हा पदार्थ नायट्रोसेल्युलोज विरघळवतो. त्या काळी लॅकरच्या धंद्यात तो याच कामाला घेत. बंदुकीची नवी, बिनधुराची दारूही नायट्रोसेल्युलोजची होती. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने ती १८८४ मध्ये तयार केली आणि पुढच्या पंधरावीस वर्षांत सगळ्या मोठ्या सैन्यांनी उचलली. दारू नायट्रोसेल्युलोजची, तेव्हा तिचा मळ काढायला तिचाच द्रावक. हिशेब बिनतोड वाटतो. पण दारू जळून गेल्यावर नळीत नायट्रोसेल्युलोज फारसे उरतच नाही. उरते ती काजळी, धातूचे कीट आणि आणखी एक चीज, जिचा पत्ता लागायला १९२२ साल उजाडावे लागले.

नळी साफ करण्याच्या शास्त्राचा इतिहास वाचताना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते. दारू बदलली, काडतूस पेटवणारी टोपी बदलली, गोळीचा धातू बदलला, की मळ बदलतो. माणसे मात्र आधीच्या मळाचे औषध नव्या मळाला देत राहतात, आणि ते लागू पडले नाही की मात्रा वाढवतात.

जुन्या मळाचे तसे बरे होते. ठासणीच्या बंदुकीतली काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. ती जळली की निम्म्याहून जास्त वजनाचा घन पदार्थ मागे राहतो. धुराचा लोट आणि नळीतला काळा चिखल दोन्ही त्याचेच. पण या चिखलात मुख्यतः पोटॅशियमचे क्षार असतात, कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड, आणि ते पाण्यात विरघळतात. पाणी ओतले की सल्फाइडमुळे सडक्या अंड्याचा भपकारा येतो, नाक धरावे लागते, पण मळ निघतो. तोफेच्या प्रत्येक बारानंतर ओला कुंचा आत फिरवीत, त्यात ठिणगी विझवणे आणि क्षार धुणे ही दोन्ही कामे उरकत. गरम पाणी, थोडा साबण, कोरडे फडके, मग तेल. आधीच तेल घातले तर, विशेषतः खनिज तेल, हा मळ डांबरासारखा चिकटून बसतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर अजून ठासणीच्या बंदुका आहेत. त्यांच्यासाठी विलायती बाटली विकत घेणारा माणूस पैसे पाण्यात घालतो. घालायचे तर नुसते पाणीच घालावे.

बिनधुराची दारू आली आणि बंदूकवाल्यांना वाटले, पाण्याची कटकट मिटली. नळी आरशासारखी दिसायची. तेलाचे फडके फिरवून लोक बंदूक खुंटीला लावत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आतून तांबूस झालेली पाहत. पुसले, पुन्हा तांबूस. यावर सिद्धांत निघाला, की नव्या दारूचे आम्लयुक्त वायू दाबामुळे पोलादाच्या छिद्रांत शिरतात आणि नंतर नळीला ‘घाम’ फुटून बाहेर येतात. म्हणून सलग तीन दिवस नळी साफ करायची, असा दंडक पडला. आम्ल मारायला अल्कधर्मी तेले निघाली. जर्मनीत १९०४ च्या सुमारास हेल्मुट क्लेव्हर या रसायनतज्ज्ञाने केलेले ‘बॅलिस्टॉल’ हे अल्कधर्मी तेल त्याच काळातले. ते पाण्यात मिसळून दुधासारखे होते, हा त्याचा गुण पुढे कामी आला.

अमेरिकेच्या खाण खात्यातल्या विल्बर्ट हफ यांनी १९२२ मध्ये या घामाचा निकाल लावला. दोषी दारू नव्हती, काडतुसाच्या बुडाशी असलेली टोपी होती. टोपीच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. भडका उडताना ते आपला ऑक्सिजन देऊन टाकते आणि मागे पोटॅशियम क्लोराइड उरते, म्हणजे आपल्या मिठाचा सख्खा भाऊ. हवा कोरडी असली तर ते नळीत निपचित पडून राहते. हवेतली आर्द्रता साधारण ८४ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतले पाणी ओढून घेते, स्वतः त्यात विरघळते, आणि पोलादावर खाऱ्या पाण्याचा थर बसतो. नळीला फुटलेला घाम तो हा. जुलैतल्या रत्नागिरीत आर्द्रता दिवसचे दिवस या आकड्याच्या वर असते, त्यामुळे हफ यांचा प्रयोग आपल्याकडे घराघरांत आपोआप झाला असणार.

मग हा क्षार काळ्या दारूच्या काळात कुठे गेला होता? तिथेच होता. पण तेव्हा तो ढीगभर काजळीत मिसळलेला असे आणि लोक नळी तशीही पाण्याने धूत. नव्या दारूने काजळी कमी केली, मीठ उघड्या पोलादावर नेऊन ठेवले आणि पाणी बंद केले. तेलात मीठ विरघळत नाही, हे स्वयंपाकघरात कोणालाही ठाऊक असते. फोडणीत टाकलेले मीठ तळाशी बसते. बंदुकीच्या बाबतीत मात्र ही गोष्ट पटायला जगातल्या सैन्यांना काही दशके आणि अगणित नळ्या मोजाव्या लागल्या. तीन दिवस साफ करण्याचा दंडक कधी कधी उपयोगी पडे, तोही फडक्याबरोबर थोडे थोडे मीठ नुसत्या घासण्याने निघून जाई म्हणून.

ब्रिटिश लष्कराने यात तुलनेने शहाणपणा दाखवला. थ्री-नॉट-थ्री रायफलीबरोबर त्यांनी वाकड्या तोंडाचे एक नरसाळे दिले होते. ते मागच्या बाजूने नळीत बसवायचे आणि उकळते पाणी ओतायचे. पाणी उकळतेच हवे, कारण त्याने नळी इतकी तापते की आतला ओलावा आपोआप उडून जातो, पुसायला फार काही उरत नाही. मग दस्त्यातल्या खणातून दोरी काढायची. एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला चार इंच बाय दोन इंच कापडाची घडी. हिंदुस्थानी पलटणींत दोरीचा ‘फुलथ्रू’ झाला आणि कापडाची ‘चिंदी’. शाळा-कॉलेजात एनसीसी केलेल्या कोणालाही विचारा, हे दोन शब्द अजून पाठ असतात. साफ करायची चिंदी चार बाय दोनची, तेलाची त्याहून थोडी लहान, हेही. आणि दोरी तिरपी ओढली म्हणून खाल्लेला ओरडाही. तो ओरडा सकारण असतो. दोरी तोंडाशी एकाच जागी घासत राहिली तर पोलादात खाच पडते आणि रायफलीचा नेम कायमचा जातो.

पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. थ्री-नॉट-थ्रीची कोट्यवधी काडतुसे तिथे भरली गेली. त्यांच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे असत, किर्की फॅक्टरीची. ही जुनी काडतुसे परदेशच्या संग्राहकांच्या हाती लागली, की ते पहिली चौकशी टोपीची करतात आणि ‘के एफ’ दिसले की पाणी उकळायला ठेवतात. बाटलीवर ‘नायट्रो सॉल्व्हंट’ असे ठळक छापले असले तरी त्या मिठावर ते चालत नाही. अर्धा पेला पाणी चालते.

क्लोरेट टोप्यांतून गेले ते हळूहळू. १९२० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत आणि अमेरिकेत बिनगंजाच्या टोप्या बाजारात आल्या. अमेरिकन लष्कर मात्र दुसरे महायुद्ध संपेपर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षे आपल्या मुख्य रायफलीच्या काडतुसात क्लोरेटच वापरत राहिले. १९४१ च्या छोट्या एम-१ कार्बाइनला तेवढी पहिल्यापासून नवी टोपी मिळाली. यात नुसता हट्ट नव्हता. १९१७ मध्ये, ऐन युद्धात, फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड शस्त्रशाळेत टोप्या दगा देऊ लागल्या होत्या. त्या गोंधळानंतर स्वीकारलेला क्लोरेटचा मसाला वर्षानुवर्षे कोठारात पडून राहिला तरी खात्रीने पेटे. वेळेवर न उडणाऱ्या काडतुसापेक्षा गंजणारी नळी परवडली, असा तो सरळ हिशेब होता.

आता धातूचे कीट. याची गोष्ट मला सगळ्यांत रंजक वाटते, कारण इथे जुने औषध नुसते निरुपयोगी ठरले नाही, जिवावर बेतले.

गोळीचा वेग वाढला तसे उघडे शिसे नळीतल्या आट्यांवर वितळून बसू लागले, म्हणून गोळीला क्युप्रोनिकेलचे, म्हणजे तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूचे, कवच चढवले. १९०६ च्या नव्या टोकदार गोळीने अमेरिकन लष्कराच्या स्प्रिंगफील्ड रायफलीतून सेकंदाला २७०० फुटांचा वेग गाठला आणि हे कवचही नळीच्या तोंडाशी गुठळ्या करून चिकटू लागले. गुठळ्या घासून निघत नसत. मग अमेरिकन लष्कराने औषध दिले: एक औंस अमोनियम परसल्फेट, २०० ग्रेन अमोनियम कार्बोनेट, सहा औंस तीव्र अमोनिया, चार औंस पाणी. नळीच्या मागच्या बाजूला बूच, तोंडावर रबरी नळीचा तुकडा, आणि वरपर्यंत हे मिश्रण. अर्धा तास थांबायचे. तांबे विरघळून पाणी गडद निळे होते. वरची कड कोरडी पडू द्यायची नाही, मिश्रण नळीत तापू द्यायचे नाही, नाहीतर पोलादच खाल्ले जाते. बराकीत डोळ्यांतून पाणी काढणारा हा उद्योग शिपाई खुशीने करत असतील असे वाटत नाही.

म्हणून नेमबाजांनी पळवाट काढली. गोळीचे टोक ग्रीजमध्ये बुडवायचे आणि मग काडतूस भरायचे. गुठळ्या खरोखरच कमी झाल्या आणि ग्रीजचा डबा स्पर्धेच्या सामानात कायमचा आला. १९२१ मध्ये फ्रँकफर्ड शस्त्रशाळेने कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धेसाठी वेगळाच इलाज केला, गोळीवर कथलाचा मुलामा. कथील असले की कीट धरत नाही. आता ग्रीजची गरजच नव्हती. पण सवय ती सवय. शस्त्रशाळेने ग्रीज लावू नका म्हणून बजावले तरी डबे उघडतच राहिले. इकडे कथील पडून पडून काडतुसाच्या पितळी गळ्याशी जोडले गेले होते, डाग दिल्यासारखे. गोळी सुटायला गळा किंचित फुलावा लागतो, आणि गळ्याभोवती दाटलेले ग्रीज तो फुलू देईना. दाब बेसुमार वाढला, रायफली फुटल्या. ज्युलियन हॅचर या लष्करी शस्त्रतज्ज्ञाने १९४७ च्या आपल्या टिपणवहीत हा प्रकार सविस्तर नोंदवला आहे. ते काडतूस मागे घेतले गेले. कथील मात्र वाया गेले नाही. ड्यूपाँ कंपनीने ते थेट दारूत मिसळले आणि अशा दारूच्या क्रमांकापुढे अर्धा लावला, साडेपंधरा, साडेसतरा. पुढे क्युप्रोनिकेल जाऊन तांबे-जस्ताचे कवच आले आणि गुठळ्यांचा प्रश्नच संपला. उरला तो तांब्याचा पातळ मुलामा, जो सौम्य अमोनियानेही निघतो.

सोव्हिएत लष्कराने हाच मार्ग अधिक साधेपणाने चोखाळला. एक लिटर पाणी, २०० ग्रॅम अमोनियम कार्बोनेट, तीन ते पाच ग्रॅम पोटॅशियम डायक्रोमेट. तुकडीतच बनवायचे, काचेच्या बाटलीत अंधारात ठेवायचे, सात दिवसांत संपवायचे. हे औषध मला हुशारीचे वाटते. त्यात पाणी आहे, म्हणून टोपीचे मीठ जाते; अमोनिया आहे, म्हणून तांबे जाते. शिपायाच्या तेलाच्या पत्र्याच्या बाटलीला दोन तोंडे असत, एक या अल्कधर्मी द्रावणाचे, दुसरे तेलाचे, दोन्हींवर आपापले आद्याक्षर. डायक्रोमेट कर्करोगकारक आहे, त्यामुळे घरी हा प्रयोग करू नये हे सांगायलाच हवे.

आता फिलाडेल्फियाच्या त्या दुसऱ्या औषधाकडे. फ्रँकफर्डचा अठरा नंबर म्हणजे ॲसिटोन, टर्पेंटाइन, प्रॅट्स ॲस्ट्रल ऑइल आणि स्पर्म व्हेलचे तेल, समभाग. ॲस्ट्रल ऑइल हे ब्रुकलिनच्या चार्ल्स प्रॅटचे दिव्याचे रॉकेल, त्या काळातले नावाजलेले. हॅचरच्या वहीतून ही कृती एड हॅरिस या अमेरिकन शस्त्रजाणकाराने उचलली आणि १९९० च्या दशकात आज मिळणाऱ्या वस्तूंत बसवली. दिव्याच्या तेलाऐवजी साधे रॉकेल, झाडाच्या टर्पेंटाइनऐवजी मिनरल स्पिरिट, ॲसिटोन तसेच, आणि व्हेलच्या तेलाऐवजी मोटारीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे लाल तेल. चारही समभाग. हवी असल्यास लॅनोलिन, म्हणजे लोकरीतून निघणारी चरबी. ती गंजापासून राखते. लाल रंगामुळे नाव पडले ‘एड्स रेड’. यातली मौज अशी, की १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत गिअरबॉक्सच्या तेलातही स्पर्म व्हेलचे तेल घालत असत. व्हेलवर बंदी आली आणि गिअरबॉक्सवाल्यांना पर्याय शोधावा लागला. हॅरिसने व्हेलच्या जागी घातलेले तेल स्वतःच व्हेलमधून सुटलेले होते.

पुण्यात हे जिन्नस जमवणे अवघड नाही. गिअरबॉक्सचे लाल तेल गॅरेजच्या बाजूच्या ऑइलवाल्याकडे मिळते. रंगाच्या दुकानात टर्पेंटाइन मागितले की जे मिळते ते बहुधा मिनरल टर्पेंटाइन, म्हणजे हॅरिसला हवे तेच. रॉकेलची तेवढी अडचण; रेशनचे निळे रॉकेल या कामाचे नव्हे आणि खुल्या बाजारातले पांढरे शोधावे लागते. मिश्रण उघड्यावर, शेगडीपासून लांब करावे, ॲसिटोन शेवटी घालावे आणि डबा घट्ट झाकावा, नाहीतर ॲसिटोन उडून जाते आणि उरते नुसते तेलकट रॉकेल. दस्त्यावर शेलॅकचे पॉलिश असेल तर एक थेंब पुरेसा, पॉलिश गेलेच.

आणि हे सगळे करून काय साधते? काजळी, जुने तेल, बारा बोअरच्या काडतुसातल्या प्लॅस्टिकच्या वाटीने नळीत सोडलेला थर. एवढ्यावर ते उत्तम आहे. प्लॅस्टिकसाठी ॲसिटोन लागतेच. तांब्याला ते हात लावत नाही, मिठाला तर नाहीच. हॅरिसची चूक नाही. चूक करतो तो एका डब्यात सगळे मावेल असे मानणारा.

आपल्याकडे परवान्याची बंदूक बहुतेक बारा बोअरची एकनळी किंवा दोननळी, क्वचित .३१५ ची रायफल. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते आणि आठवडेच्या आठवडे तिथे पडून राहते. जमा करण्याआधी काजळी काढून लॅनोलिनसारखे चिवट काही नळीत फिरवले, तर परत येताना डोके धरावे लागत नाही. गंज चढल्यावरच्या द्रावकांत मला रस नाही. गंज विरघळवणारे बहुतेक पदार्थ पोलादाचा काळा-निळा रंगही खातात.

नेमबाजीच्या खेळात आणखी वेगळे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, राधानगरीच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले. दोघांचे ते प्रकार ५० मीटरचे, पॉइंट टू टू रायफलीचे. तिची गोळी उघड्या शिशाची, मेण किंवा चरबी लावलेली. तिथे तांब्याच्या द्रावकाला कामच नाही. शिशाला रॉकेल-टर्पेंटाइनही विरघळवत नाहीत. मेण सैल होते, शिसे ब्रॉन्झच्या ब्रशने घासूनच काढावे लागते. पूर्वी काही जण नळीत पारा फिरवीत, शिशाचा त्याच्याशी मेळ जमतो म्हणून. आता व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे मिश्रण सुचवले जाते. शिसे त्यात खरोखर विरघळते, पण जे तयार होते ते लेड ॲसिटेट, पाण्यात विरघळणारे जहाल विष. शिशाचा कण बोटाला लागला तर साबणाने धुता येतो. हे मिश्रण अंगात भिनते आणि मोरीत ओतले तर पुढे जाते. एअर रायफलमध्ये तर दारूच नाही. तिच्या नळीत द्रावक ओतला तर रबरी वॉशर फुगतात आणि आत राहिलेले तेल दाबाखाली पेटू शकते. तिला कोरडी फेल्टची गोळी पुरे.

तांबे शोधणाऱ्यांची एक फसगत मोठी आहे. अमोनियाचे फडके निळे निघाले की अजून तांबे आहे असे समजून ते पुन्हा द्रावक घालतात, पुन्हा निळे, पुन्हा द्रावक, संध्याकाळ संपते. निळा रंग बऱ्याचदा नळीतल्या तांब्याचा नसतोच. फडके ज्या पितळी टोकावर गुंडाळले ते टोक किंवा ब्रॉन्झचा ब्रशच विरघळत असतो. निकेलचे किंवा प्लॅस्टिकचे टोक वापरले की नळी एकदम स्वच्छ निघते.

तांब्याचे दिवस पुन्हा आले आहेत ते शिकारीमुळे. शिशाच्या गोळीचे कण मेलेल्या जनावरात राहतात, ते खाऊन गिधाडे मरतात, म्हणून कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. पर्याय संपूर्ण तांब्याच्या गोळीचा. अमेरिकेच्या बार्न्स कंपनीने अशी गोळी १९८९ च्या सुमारास आणली, तेव्हा ती नळीत भरपूर तांबे सोडत असे, आणि कंपनीच तांबे काढणारा अमोनियाचा द्रावकही विकत असे. पुढे गोळीच्या अंगावर गोल खाचा पाडल्या आणि कीट बरेच कमी झाले. पण अमोनियाची बाटली ज्यांनी तेव्हा घेतली, त्यांच्यातले अनेक जण आजही दर संध्याकाळी ती उघडतात.